रोज खपणारी बाटली आणि मुरवायची बाटली



खामगावच्या मागच्या कार्यशाळेनंतर एक तरुण थांबून राहिला होता. सगळे गेल्यावर जवळ आला, मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, "सर, हे पाहा ना जरा. ऑस्ट्रेलियाची रेड वाईन हाय. ड्युटी कमी झाली म्हणते. आता घेऊन ठेवली तं पाच वर्षांत डबल होते म्हणते. सहा लाख लावू का?"

पोरगा मलकापूरकडचा. सहा लाखांमधले काही मक्याचे, काही आईच्या नावावरची एफडी मोडून येणार होते. मोबाईलवर कुणीतरी पाठवलेली रंगीत पीडीएफ होती. तळघरात ओळीने ठेवलेल्या बाटल्या, धूळ बसलेली लेबलं आणि खाली वर जाणारा हिरवा बाण.

मी त्याला त्याच दिवशी "नको" म्हणू शकलो असतो. पण नुसतं "नको" म्हटलं की माणूस दुसऱ्याला विचारायला जातो. म्हणून आम्ही दोघं बसलो, चहा मागवला आणि कागदावर हिशोब मांडला. तो हिशोब व्हिडिओत मावला नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधीच सांगतो, आमच्या घरात माळ आहे, शेगावची वारी आहे, मी घेत नाही आणि तुम्ही घ्या असंही म्हणत नाही. पण माल बाटलीतला असो की बरणीतला, गणित तेच असतं. आणि ऑस्ट्रेलियाच्या वाईनवाल्यांनी धंद्याच्या काही गोष्टी इतक्या उघड करून ठेवल्यात की त्या न शिकणं हा आपलाच तोटा.

पहिला प्रश्न, ही बातमी आली कुठून? भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात २ एप्रिल २०२२ रोजी व्यापार करार झाला आणि तो २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्याआधी परदेशी वाईनवर १५० टक्के आयात शुल्क होतं. करारात ठरलं ते असं: ७५० मिलीची जी बाटली पाच अमेरिकी डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीला आयात होते, तिच्यावरचं शुल्क लगेच १०० टक्के आणि पुढे दहा वर्षांत उतरत उतरत ५० टक्के. जी बाटली पंधरा डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची आहे, तिच्यावर लगेच ७५ टक्के आणि दहा वर्षांत २५ टक्के.

आता यातली गंमत बघा. पाच डॉलरच्या खालच्या बाटलीला काहीच सवलत नाही! म्हणजे तिकडे साधा माणूस रोज संध्याकाळी जेवणासोबत जी घेतो, ती खरी स्वस्त बाटली या करारातून बाहेर राहिली. साडेचार डॉलरची बाटली धरा. १५० टक्के म्हणजे पावणेसात डॉलर शुल्क, बंदरावर झाली सव्वा अकरा डॉलर. आणि पाच डॉलरची? पहिल्या दिवशीच्या दराने १०० टक्के, म्हणजे दहा डॉलर. महाग बाटली स्वस्त पडली आणि स्वस्त बाटली महाग! चौदा डॉलरची १०० टक्क्यांनी अठ्ठावीसला जाते, पंधराची ७५ टक्क्यांनी सव्वीस डॉलर पंचवीस सेंटला येते.

करार करणाऱ्यांनी हे चुकून केलेलं नाही. खालच्या किमतीचा माल सवलतीत आला असता तर नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराच्या आणि वायनरीच्या पोटावर पाय आला असता. त्यामुळे स्वस्त थराला कुंपण घातलं. मला विचाराल तर बरोबर केलं. पण "ड्युटी कमी झाली" एवढीच बातमी वाचून जो सहा लाख काढतो, त्याला ते कुंपण कुठून कुठपर्यंत आहे हे माहीत नको?

बरं, बंदरावरची किंमत म्हणजे दुकानातली किंमत नव्हे. दारू जीएसटीमध्ये येत नाही, प्रत्येक राज्याचा आपला कर. त्यावर आयातदार, मग वितरक, मग दुकानदार, लेबल नोंदणी, गोदाम, वाहतूक. ऑस्ट्रेलियात सुपरमार्केटच्या रॅकवरून सहज टोपलीत पडणारी बाटली मुंबईत पोचेपर्यंत पाहुण्यासाठी काढायची वस्तू होते. म्हणून आपल्याकडे "परवडणारी ऑस्ट्रेलियन रेड वाईन" म्हणतात तेव्हा दोन-चार नावंच फिरून फिरून येतात. जेकब्स क्रीक, यलो टेल, वरच्या अंगाला पेनफोल्ड्सची साधी मालिका.

आता या नावांकडे जरा धंदेवाल्याच्या नजरेनं बघू, कारण खरा माल इथे आहे.

जेकब्स क्रीक हा दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यातला एक ओढा. योहान ग्राम्प नावाच्या जर्मन माणसाने १८४७ मध्ये त्याच्या काठी द्राक्षवेली लावल्या. पण त्या ओढ्याच्या नावाची बाटली बाजारात आली १९७६ मध्ये. जवळजवळ १३० वर्षांनी! ती वाईन काही महान नव्हती आणि तसा आवही आणला नव्हता. शिराझ, कॅबरने अशी द्राक्षं मिसळून केलेली, उघडा आणि प्या अशी. तिची खरी ताकद एकच, यंदा जी चव लागली तीच पुढच्या वर्षी लागणार. पाऊस कमी पडो, ऊन जास्त पडो, गिऱ्हाईकाला फरक कळता कामा नये. तो कसा कळू देत नाहीत? वेगवेगळ्या भागांतली द्राक्षं घेतात आणि मिश्रण जुळवतात. लेबलवर एखाद्या गावाचं नाव न टाकता "आग्नेय ऑस्ट्रेलिया" असा ऐसपैस प्रदेश लिहिलेला असतो तो त्यासाठीच. एका शिवारात गारपीट झाली तरी बाटली थांबत नाही.

मेहकरच्या आपल्या एका ताईंचा मसाल्याचा धंदा आहे. त्यांना मी दोन वर्षं हेच सांगतोय. ताई, मिरची एकाच व्यापाऱ्याकडून घेता, त्याच्याकडे यंदा तिखट आली की तुमचा मसाला तिखट, फिकी आली की फिका. मग गिऱ्हाईक म्हणतं, "मागच्या वेळची चव नाही राहिली." दोन-तीन जातींच्या मिरच्या घ्या, प्रमाण वहीत लिहा, दर खेपेला जुन्या पाकिटाशी ताडून बघा. हीच गोष्ट बरोसातले लोक लाखो बाटल्यांवर करतात.

यलो टेल तर आणखी मजेशीर. न्यू साउथ वेल्समधल्या येंडा या लहानशा गावात इटलीहून आलेलं कसेला कुटुंब. २००१ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या बाजारात ही बाटली उतरवली. लेबलवर कांगारूसारखा प्राणी, चव जराशी गोडसर, नाव वाचायला सोपं. वाईनच्या जाणकारांनी नाकं मुरडली. पण ज्याला वाईनच्या दुकानात गेल्यावर आपण अडाणी आहोत असं वाटतं, त्या माणसासाठी ती बाटली होती. फ्रेंच नाव उच्चारता येत नाही म्हणून लाजणारा माणूस कांगारूकडे बोट दाखवतो आणि बाटली घेऊन जातो. थोड्याच वर्षांत अमेरिकेत सर्वांत जास्त खपणाऱ्या परदेशी वाईनमध्ये ती गेली. गिऱ्हाईकाची लाज काढून टाकली, एवढंच त्यांनी केलं.

आणि ते झाकण! २००० साली ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीमधले काही उत्पादक एकत्र आले आणि त्यांनी आपल्या रिझलिंग या पांढऱ्या वाईनला बुचाऐवजी साधं फिरकीचं झाकण लावलं. बूच खराब निघालं की अख्ख्या बाटलीला कुबट वास येतो आणि गिऱ्हाईक उत्पादकाला शिव्या घालतं. फिरकीचं झाकण म्हणजे स्वस्त माल, असा समज तेव्हा पक्का होता. एकट्याने हे केलं असतं तर तो मेला असता. सगळ्यांनी मिळून केलं म्हणून टिकलं, आणि पुढे तिथल्या रेड वाईनलाही तेच झाकण सर्रास लागलं. आपल्याकडे एकाच गल्लीतले चार पापडवाले साधं एकत्र पॅकिंग मागवायला तयार नसतात. जाऊ द्या, तो विषय वेगळ्या व्हिडिओचा.

हे झालं रोज खपणाऱ्या बाटलीचं. आता मुरवायच्या बाटलीकडे येऊ, कारण त्या पोराची पीडीएफ तिच्याविषयी होती.

आपल्या घरात मुरणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. कैरीचं लोणचं मुरतं. गूळ जुना झाला की औषधी म्हणतात. पण दूध मुरत नाही, ते नासतं. रेड वाईनचंही असंच. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून एक तुरट द्रव्य उतरतं, त्याला टॅनिन म्हणतात. कडक चहा जिभेला जसा ओढतो तसं ते ओढतं. ज्या वाईनमध्ये हे टॅनिन भरपूर आणि आंबटपणा नीट असतो, ती वर्षानुवर्षं ठेवली की तुरटपणा मऊ होतो, फळाचा वास बदलून वेगळाच खोल वास येतो. पण जी वाईन मुळात "उघडा आणि प्या" म्हणून बनवली, तिच्यात मुरायला काही नसतंच. तिचा ताजा फळाचा स्वाद हीच तिची पुंजी. दोन-तीन वर्षांनंतर ती पुंजी खर्च होते आणि उरतं ते पाणचट काहीतरी. जगात बनणाऱ्या वाईनचा फार मोठा भाग असा लवकर प्यायचाच असतो. म्हणजे स्वस्त बाटली नुसती ठेवून दिल्याने भारी होत नाही. फक्त जुनी होते.

स्वस्तातही मुरणाऱ्या बाटल्या ऑस्ट्रेलियात नाहीत असं नाही. पेनफोल्ड्सची कूनुंगा हिल १९७६ पासूनची, साधी असूनही कित्येक वर्षं टिकते म्हणून तिचं नाव आहे. कूनावारा भागात लाल माती आणि तिच्याखाली चुनखडी, तिथल्या विन्सचं काळ्या लेबलचं कॅबरने १९५४ पासून निघतं. व्हिक्टोरियातलं तहबिल्क १८६० चं, तिथल्या शिराझला जुन्या वळणाचे लोक मानतात. तिथला पगारदार माणूस दरवर्षी या वाईनच्या सहा-सहा बाटल्या घेतो, जिन्याखाली ठेवतो आणि दहा वर्षांनी मुलीच्या लग्नात उघडतो. हा शौक आहे, चांगला शौक आहे. विकण्यासाठी तो घेत नाही. पीडीएफवाल्याने शौक आणि गुंतवणूक यांची खिचडी केलीये.

मुरवण्याला तिसरी गोष्ट लागते ती जागा. साधारण १२ ते १५ अंश तापमान, तेही वर्षभर सारखं, अंधार, आणि हलवाहलव नाही. आता आपला जिल्हा बघा. घाटावर बुलढाण्याला मे महिन्यातही रात्री जरा बरी हवा असते. पण घाटाखाली? मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, पारा ४४-४५ ला टेकतो. टिनाच्या गोदामात तर त्याहून जास्त. त्या उन्हात वाईन मुरत नाही, शिजते.

आपल्या आजोबांना हे शास्त्र माहीत होतं बरं का. ज्वारी साठवायला ते जमिनीत पेव खणायचे. वर कितीही ऊन तापलं तरी खाली दहा-पंधरा फुटांवर तापमान फारसं हलत नाही. युरोपातली वाईनची तळघरं म्हणजे दुसरं काय, पेवच. पण ज्वारीचं पेव खणताना आजोबांना माहीत असायचं की दुष्काळ पडला तर ही ज्वारी घरातली माणसंच खातील. माल नाही विकला गेला तरी तो वाया नव्हता.

वाईनचं तसं नाही, आणि इथे मी त्या पोराला पहिल्यांदा जोरात थांबवलं. मी विचारलं, "पाच वर्षांनी विकशील कोणाला?" म्हणाला, "ज्याला पायजे त्याले." मी म्हटलं, "कोणत्या परवान्यावर?" तो गप्प.

आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. परवान्याशिवाय एक बाटलीही विकता येत नाही, आणि स्वतःसाठी जवळ ठेवायलाही मर्यादा आहे. वाईन शॉपचे नवे परवाने राज्याने १९७० च्या दशकापासून जवळपास बंदच ठेवलेत, म्हणून जुना परवाना ज्याच्याकडे आहे त्याचा भाव विचारू नका. (आणि त्या दुकानांना आपण "वाईन शॉप" म्हणतो, आत वाईन असते एका कोपऱ्यात चार बाटल्या, बाकी सगळी व्हिस्की आणि रम.) किराणावाल्यांनाही मध्ये एक आशा लागली होती. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधकांनी रान उठवलं, आणि अंमलबजावणीपर्यंत गोष्ट गेलीच नाही. त्या काळात चिखलीच्या एका दुकानदाराने मला रॅकचं डिझाईन पाठवलं होतं. मी म्हटलं, भाऊ, आधी जीआर वाच, मग सुताराला बोलव.

तर मुद्दा असा, ज्या मालाला बाहेर पडायचं दारच नाही, त्यात पैसा घालणं म्हणजे विहिरीत बादली सोडून दोर कापणं.

समजा दार आहे. समजा सगळा कायदेशीर रस्ता आहे. तरी आकडे बघू. सहा लाखांत दोन हजारांच्या तीनशे बाटल्या. हा पैसा बँकेकडून १२ टक्क्यांनी घेतला असता तर पाच वर्षांत चक्रवाढीने दहा लाख सत्तावन्न हजार झाला असता. पैसा स्वतःचा असला तरी हाच आकडा धरायचा, कारण तो दुसरीकडे काहीतरी कमावू शकला असता. आता थंड खोली. दिवसाला दहा युनिट धरू, दहा रुपये दराने शंभर रुपये रोज, वर्षाला साडेछत्तीस हजार, पाच वर्षांत एक लाख ब्याऐंशी हजार पाचशे. लाईट गेली, इन्व्हर्टर बसवला, बाटली फुटली, हे सगळं सोडून देतो. एकूण झाले बारा लाख चाळीस हजार. भागिले तीनशे. एक बाटली पडली चार हजार एकशे तेहतीसला. म्हणजे दोन हजारांची बाटली दुपटीच्या वर गेली, तेव्हा कुठे हा पोरगा शून्यावर आला. नफा त्यानंतर सुरू! पीडीएफमधला हिरवा बाण जिथे संपतो, तिथे याचं मुद्दल सुटतं.

आता दुसरा कागद घेतला. साठ हजार रुपये. तूरडाळ, मसाला, शेवया, काहीही धरा. माल घेतला, पॅक केला, विकला, वसुली झाली, वीस दिवसांत पैसा परत हातात. एका फेऱ्याला सगळं वजा जाऊन फक्त चार टक्के सुटले, म्हणजे चोवीसशे रुपये. वर्षात असे अठरा फेरे. त्रेचाळीस हजार दोनशे. साठ हजारांवर! कष्ट आहेत, उधारी बुडते, मान्य. पण पैसा फिरतोय.

तो म्हणाला, "पण सर, मोठी लोकं तं ठेवूनच श्रीमंत झाली ना?" हा प्रश्न मला आवडला. म्हणून त्याला ग्रेंजची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो.

ग्रेंज ही ऑस्ट्रेलियाची सर्वांत नावाजलेली, मुरवायची रेड वाईन. पेनफोल्ड्स कंपनीतल्या मॅक्स शुबर्ट या माणसाने ती काढली. १९५० मध्ये तो युरोपात गेला, फ्रान्सच्या बोर्दोमध्ये पन्नास-पन्नास वर्षं टिकलेल्या वाईन त्याने चाखल्या, आणि ठरवलं की आपल्या शिराझपासून अशी बाटली करायची. १९५१ ला पहिला प्रयोग. काही वर्षांनी साहेब लोकांना आणि जाणकारांना चाखायला दिली. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. १९५७ मध्ये वरून हुकूम आला, बंद करा. तर हा पठ्ठ्या १९५७, ५८, ५९ अशी तीन वर्षं ती लपून बनवत राहिला! तोवर आधीच्या बाटल्या मुरल्या, त्याच लोकांना आवडल्या, आणि १९६० ला परत परवानगी मिळाली. आज ग्रेंजच्या जुन्या बाटलीला लिलावात बोली लागते.

ही गोष्ट प्रेरणादायी भाषणात सांगतात आणि इथेच थांबतात. "स्वप्नावर विश्वास ठेवा", टाळ्या. पण एक प्रश्न कोणी विचारत नाही. या सगळ्या वर्षांत शुबर्टचा पगार कोण देत होतं? पेनफोल्ड्स त्या काळात मुख्यतः शेरी आणि पोर्ट अशा गोड, कडक, रोज खपणाऱ्या मालावर चालत होती. त्या मालाने कामगारांचे पगार दिले, पिंपं घेतली, तळघरं बांधली. ग्रेंज मुरत पडली होती ती शेरी-पोर्टच्या जिवावर. शुबर्टने आईची एफडी मोडली नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे, मित्रांनो. मुरवायचा माल वाईट नाही. पण तो रोजच्या मालाने पोसायचा असतो. ज्याच्याकडे रोजचा माल नाही त्याने मुरवायला बसू नये.

आता तुम्ही म्हणाल, सर तुम्ही शहाणे. नाही हो. मी पण मुरवायला बसलो होतो. वाईन नाही, सोयाबीन. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनने दहा हजारांचा भाव दाखवला होता, आठवतं? मोजक्या दिवसांपुरता, पण दाखवला. त्या हंगामाचं आमचं घरचं चाळीस क्विंटल मी ठेवून दिलं. पुढच्या एप्रिलमध्ये सात हजारांच्या वर भाव होता. भाऊ म्हणाला, काढू. मी म्हटलं, दहा पाहिलेत, आता सातला कशाला द्यायचं? मीच शिकवणारा, मीच थांबवणारा. २०२३ च्या पावसाळ्याच्या तोंडावर ते पाच हजारांच्या आत गेलं. ओलावा उडून वजन घटलं, उंदरांनी पोती फोडली ती वेगळी. सोयाबीन घरात ठेवल्याने मुरत नाही हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण एकदा दहाचा आकडा डोक्यात बसला की माणूस माल धरत नाही, आकडा धरून बसतो.

थांबायचंच असेल तर त्याचेही रस्ते आहेत. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्क्यांनी, १८० दिवसांसाठी. सोयाबीन, तूर, हरभरा यात बसतात. तुमच्या बाजार समितीत ती चालू आहे का, एवढं आधी जाऊन विचारा. यातला १८० हा आकडा मला फार आवडतो. थांबण्याला तारीख आहे. पीडीएफमध्ये ती नव्हती, आणि माझ्या सोयाबीनलाही नव्हती.

ऑस्ट्रेलियाची आणखी एक गोष्ट सांगून आवरतो, कारण देऊळगाव राजाकडचे बीजोत्पादन करणारे बरेच जण हे वाचतात. ऑस्ट्रेलियाच्या वाईनला चीनसारखं गिऱ्हाईक नव्हतं. वर्षाला एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वरचा माल तिकडे जायचा, त्यात रेड वाईनच जास्त. राजकारण बिघडलं आणि मार्च २०२१ मध्ये चीनने २१८ टक्क्यांपर्यंत कर लावला. धंदा जवळपास शून्यावर आला. टाक्या रेड वाईनने भरून राहिल्या, द्राक्षांचे भाव पडले, कित्येकांनी बागा काढल्या. मार्च २०२४ मध्ये चीनने कर उठवला, पण तोवर तीन हंगाम गेले होते. अशा वेळी तिथे बिनलेबलच्या बाटल्या स्वस्तात निघतात, कारण माल पडून राहण्यापेक्षा नाव झाकून विकलेला बरा. आपल्याकडे कंपनी एक, प्लॉट सगळे तिचेच, आणि भाव ठरवणारीही तीच. नेटशेडचं कर्ज मात्र तुमच्या नावावर.

नाशिक जिल्ह्यातही हे झालंय. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाईनला उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूरला वाईन पार्क काढलं. बागायतदारांनी हौसेने वाईनच्या द्राक्षांची लागवड केली. २००८ च्या मंदीनंतर मागणी आटली, नारायणगावची इंडेज ही तेव्हाची मोठी कंपनी कर्जात बुडाली, आणि अनेकांनी वाईनच्या वेली उपटून परत खायची द्राक्षं लावली. ज्या टिकल्या त्या वायनरींनी काय केलं? बाटलीसोबत रोजचा गल्ला उभा केला. सुलाने गंगापूर धरणाजवळ लोकांना बाग दाखवायला बोलावलं, जेवण दिलं, मुक्कामाची सोय केली. येणारा माणूस तिकीट काढतो, जेवतो, जाताना दोन बाटल्या घेतो. पैसा त्याच दिवशी.

तर त्या पोराचं काय झालं? कागद त्याच्याकडेच दिला. त्यावर मी चार रकाने आखले होते. माल कुठे ठेवणार, विकायचा परवाना कुणाचा, शून्यावर यायला भाव किती हवा, आणि नाही विकला तर शेवटची तारीख कोणती. तीन रकाने त्याने तिथेच भरले आणि स्वतःच हसला. पीडीएफ पाठवणाऱ्याला त्याने माझ्यासमोर फोन लावला आणि विचारलं, "परत तुम्हीच घेता का? लिहून देता का?" तिकडून "बघू नंतर" असं काहीतरी उत्तर आलं.

एफडी अजून मोडलेली नाही. परवा त्याचा मेसेज होता, मक्याची जाडी-बारीक भरड करून गोठ्यावाल्यांना पोच द्यायचं त्याच्या डोक्यात आहे. छोटी चक्की बघून आलाय. गावातले गोठे मोजायला सांगितलेत. बावीस झालेत, नदीपलीकडचे राहिलेत.